‘कंटेन्स’च्या ओळीत मोहरी का नसते, आणि मग पाकीट वाचायचे कसे

प्रश्न असा आला आहे: मुलगी नऊ वर्षांची, मोहरी आणि तीळ या दोन्हींची ॲलर्जी निघाली, डॉक्टरांनी दोन्ही पूर्ण बंद करायला सांगितले. कुटुंब इंदूरचे, म्हणजे घरात नमकीन येणारच. पाकिटावर ‘कंटेन्स’ आणि ‘मे कंटेन’ अशा ओळी असतात, पण त्यांत मोहरी किंवा तीळ कधीच दिसत नाहीत. नाही लिहिले म्हणजे नाही, असे समजायचे का? कायदा काय म्हणतो? आणि बाहेरच्या खाण्याचे काय?

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. नाही, तसे अजिबात समजू नका. ती ओळ तुमच्या मुलीसाठी लिहिलेलीच नसते.

मी अन्नतंत्रज्ञ आहे. नमकीन आणि मसाल्याच्या कारखान्यांची लेबले छपाईला जाण्याआधी माझ्या हाताखालून जातात. त्यामुळे लेबलावर काय असते, काय नसते आणि का नसते, एवढ्यावरच मी बोलेन. किती मोहरी चालेल, ॲड्रेनालिन (तीव्र ॲलर्जीत तातडीने द्यायचे इंजेक्शन) कधी आणि कसे द्यायचे, हे तुमच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि त्याची एक प्रत शाळेत द्या.

आपल्याकडे लेबलाचा कारभार २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली चालतो. आज लागू असलेले लेबलचे नियम २०२० चे आहेत. त्यात ॲलर्जीची सूचना आठ गटांपुरती सक्तीची आहे: ग्लुटेन असलेली धान्ये (गहू, जव, राय, ओट वगैरे), कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि बदाम-काजूसारखा कठीण कवचाचा सुकामेवा, सोयाबीन, आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असलेले सल्फाइट. यांपैकी काही असेल तर ‘कंटेन्स’ लिहून नाव द्यावे लागते. मोहरी या यादीत नाही, तीळ नाही. हरभरा, खोबरे, मेथी, खसखस, कुट्टू (बकव्हीट), काहीच नाही. म्हणजे उत्पादकाने मोहरी भरभरून घातली आणि ‘कंटेन्स’मध्ये नुसते ‘गहू, शेंगदाणे’ लिहिले, तर त्या ओळीपुरता त्याने कुठलाही नियम मोडलेला नाही. दुकानदाराला विचारले तर तो ‘नियम में नहीं है’ म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खरे असेल.

युरोपात ही यादी चौदा गटांची आहे. मोहरी आणि तीळ दोन्ही तिच्यात आहेत, शिवाय ती नावे घटकयादीत ठळक टायपात छापावी लागतात. कॅनडातही दोन्ही आहेत. अमेरिकेत तीळ १ जानेवारी २०२३ पासून आला, मोहरी अजून नाही. जपानमध्ये कुट्टू सक्तीचा आहे. यामागे विज्ञान जसे आहे तसे त्या त्या देशाचे ताटही आहे. ज्या देशात जे रोज खाल्ले जाते आणि ज्याने लोक दवाखान्यात पोचल्याची नोंद होते, ते यादीत येते. आपल्याकडे मोहरी फोडणीत रोज पडते, पण नोंद ठेवणारी व्यवस्था पातळ आहे. यादी मोठी व्हावी असे मला वाटते. अन्न प्राधिकरण (एफएसएसएआय) नियमांत बदल करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवते, आणि तिथे कारखानदारांची पत्रे जातात तशी पालकांचीही गेली पाहिजेत. पण तो लांबचा रस्ता आहे. उद्याच्या डब्याचे आधी बघू.

तुमच्या कामाची ओळ म्हणजे घटकयादी, ‘इन्ग्रेडियंट्स’. तिथे प्रत्येक घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा असतो आणि ती सक्ती आठ गटांपुरती नाही, सगळ्याच घटकांना आहे. लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असते, मराठीची सक्ती नाही. म्हणून नजरेला हे शब्द लावून घ्या: मोहरीसाठी मस्टर्ड, राई, सरसों; तिळासाठी सेसमी, तिल, जिंजेली, ताहिनी. तेलाच्या बाबतीत नियम तुमच्या बाजूचा आहे: नुसते ‘खाद्य वनस्पती तेल’ लिहून भागत नाही, कोणते तेल ते नावाने लिहावे लागते. मोहरीचे तेल वापरले असेल तर ते दिसेल. काळी राई आणि पिवळी मोहरी यांची प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की एक चालते आणि दुसरी नाही, असे स्वतःहून धरू नका. तळल्याने किंवा भाजल्याने धोका जातो हाही समज सोडा, कारण मोहरीतले मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन उष्णतेला चांगलेच दाद न देणारे आहे.

आता खरी अडचण. घटकयादीलाही काही ठिकाणी गप्प बसायची परवानगी आहे, आणि मोहरी-तीळ नेमके तिथेच लपतात.

पहिली जागा ‘मसाले’ हा शब्द. साखर, मीठ, बेसन नावाने लिहावे लागते, पण मसाल्यांना एकत्रित वर्गनाव चालते: ‘स्पाइसेस अँड कॉन्डिमेंट्स’, ‘मिश्र मसाले’. त्यात धने-जिरे असतील किंवा मोहरीची पूडही असेल. केचप, मेयोनीज, लोणच्याच्या चवीचे चिप्स, ‘अचारी’, ‘चटपटा’, ‘तंदूरी’ अशा नावांचे कुठलेही नमकीन घेताना ‘मसाले’ हा शब्द दिसला की तुम्ही तो ‘कदाचित मोहरी’ असा वाचायचा. उत्पादक इथे काही लपवत असतोच असे नाही. त्याला आपल्या मसाल्याचे प्रमाण स्पर्धकाला दाखवायचे नसते आणि नियम त्याला ती मुभा देतो.

दुसरी जागा म्हणजे घटकाच्या आतला घटक. एखादा तयार मसाला, सॉस किंवा चटणी पदार्थात ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर त्याच्या आत काय काय आहे ते लिहिण्यातून सूट आहे, फक्त काही ॲडिटिव्ह लिहावे लागतात. आठ गटांतल्यांना या सुटीचा त्रास होत नाही आणि तुम्हाला होतो, तो कसा ते हिंगावरून कळते. बाजारातला बांधणीचा हिंग म्हणजे हिंगाचा राळेसारखा चीक, डिंक आणि बहुतेक वेळा मैदा. शेवेत हिंग अगदी चिमूटभर, म्हणून घटकयादीत फक्त ‘हिंग’ एवढेच येईल. पण मैदा गव्हाचा आणि गहू आठांत आहे, म्हणून तो ‘कंटेन्स’मध्ये वर यायलाच हवा. त्याच शेवेवर भुरभुरलेल्या चाट मसाल्यात मोहरीची पूड असेल, तर तिला वर आणणारी कुठलीच ओळ नाही. गव्हाला जी दुसरी चाळणी मिळते ती मोहरीला मिळत नाही.

तिसरी जागा पाकिटाचा आकार. ज्या पाकिटाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी आहे, त्याच्यावर घटकयादी छापावी लागत नाही, ती बाहेरच्या मोठ्या पॅकवर असते. केचपचे पाऊच, जीरावनची (पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची) पुडी, एकेक गोळी, हॉटेलात बिलाबरोबर येणारा मुखवास. मुखवासात बडीशेपेबरोबर भाजलेले तीळ असतात हे आपण सगळे जाणतो, पण लहान मुलगी हात पुढे करते तेव्हा ते कोणाच्या लक्षात राहत नाही. अशा सुट्या पुड्या घरात नकोतच.

चौथी गोष्ट तुमच्या तिळासाठी. वनस्पती तुपात, म्हणजे आपण ‘डालडा’ म्हणतो त्यात, तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती आपल्याकडे फार जुनी. साजूक तुपात कोणी वनस्पती मिसळले तर बॉदुइन चाचणीत लाल रंग येऊन चोरी पकडली जावी, यासाठी ही तरतूद होती, आणि २०११ च्या मानकांतही वनस्पतीत किमान ५ टक्के तीळतेल सांगितलेले होते. तेल चांगले शुद्ध केलेले असेल तर त्यात प्रथिन फारच कमी उरते, घाण्याच्या तेलात जास्त. तरी तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलीसाठी वनस्पतीतले खारे-गोडे, बेकरीची नानकटाई आणि पफ यांचा विषय डॉक्टरांपुढे काढा. हे बहुतेकांना माहीत नसल्यामुळे कोणी विचारतच नाही.

आता ‘मे कंटेन’. ही ओळ कारखान्यातल्या मिसळणीबद्दल असते, म्हणजे घटक घातलेला नाही पण शिरला असू शकतो. आपल्या नियमात ती ‘लिहिता येईल’ या स्वरूपाची आहे आणि किती प्रमाण झाल्यावर लिहायची याचा आकडा नाही. त्यामुळे एक कारखाना वकिलाच्या सल्ल्याने सरसकट सगळ्यावर छापतो, दुसरा काहीच छापत नाही, आणि दुसऱ्याचा माल स्वच्छ असेलच असे नाही. त्यातही या ओळीत उत्पादक त्याच आठ गटांचा विचार करतो. मोहरीचा विचार करून ‘मे कंटेन’ लिहिणारे देशी पाकीट माझ्या नजरेत क्वचितच आले आहे.

कारखान्यात काय होते ते थोडे सांगते, म्हणजे काय विचारायचे ते कळेल. शेव, पापडी, मिक्स्चर, तळलेली डाळ हे सगळे बहुधा एकाच ओळीवर आलटून पालटून निघते. तळून झाल्यावर माल मसाल्याच्या फिरत्या ड्रममध्ये जातो. तो ड्रम पाण्याने धुतला तर ओल राहते आणि पुढचा माल मऊ पडतो, म्हणून साफसफाई ब्रशने आणि हवेच्या झोताने कोरडीच होते. सकाळी अचारी मसाला आणि दुपारी साधी शेव असा क्रम असेल, तर साध्या शेवेच्या पहिल्या खेपांत अचारी मसाल्याचे कण असणारच. नीट चालणारे कारखाने क्रम उलटा ठेवतात, साधा माल आधी आणि भारी मसाल्याचा शेवटी, आणि मध्ये थोडा माल फिरवून तो फेकून देतात. आणखी एक प्रकार म्हणजे तुटका-फुटका माल पुन्हा वापरणे. कारखान्यात याला ‘रिवर्क’ म्हणतात. मिक्स्चरमध्ये तुटकी शेव ढकलली जाते, आणि ती कुठल्या चवीची होती हे रजिस्टरात लिहिलेले असले तर असते. माझ्या मते तुमच्या मुलीसाठी सर्वांत धोक्याचे नमकीन मिक्स्चरच. एकाच पदार्थाचे, कमी घटकांचे, एकाच कारखान्यात एकच वस्तू करणाऱ्याचे पाकीट त्यातल्या त्यात बरे.

म्हणून कंपनीला पत्र लिहा. पाकिटावर ग्राहकसेवेचा पत्ता असतो, त्यावर मेल करा, फोनवर समाधान मानू नका. ‘तुमच्या मालात ॲलर्जी आहे का’ असे विचारू नका, उत्तर ‘लेबल पाहा’ असे येईल. नेमके विचारा: या उत्पादनात ‘मसाले’ या शब्दाखाली मोहरी किंवा तीळ, त्यांची पूड, अर्क किंवा तेल आहे का? बाहेरून घेतलेल्या तयार मसाल्याच्या पुरवठादाराने याबद्दल लेखी दिले आहे का? त्याच ओळीवर मोहरी-तिळाचा माल निघतो का, आणि मधली सफाई कशी होते? रिवर्क वापरता का? बॅच क्रमांकही लिहा. चांगल्या कंपनीचा दर्जा विभाग याचे उत्तर देऊ शकतो, कारण परदेशी ग्राहक हेच प्रश्न विचारतात. ‘आमचा माल शंभर टक्के शुद्ध आणि शाकाहारी आहे’ असे उत्तर आले, तर तुमचा प्रश्न समजलेलाच नाही असे समजा आणि ते पाकीट यादीतून काढा. हिरवा ठिपका ॲलर्जीबद्दल काहीही सांगत नाही.

परदेशावरून आठवले. इंदूरचे नमकीन ब्रिटनलाही जाते. तिथल्या लेबलावर मोहरी आणि तीळ ठळक छापावेच लागतात, ‘मसाले’ या शब्दाच्या आडोशालाही जागा नाही. त्याच कंपनीच्या त्याच नावाच्या पदार्थाचे तिकडचे लेबल तिथल्या दुकानांच्या संकेतस्थळांवर वाचता येते. निर्यातीचा मसाला कधी वेगळा असतो, म्हणून त्यात मोहरी नाही म्हणून इथेही नाही, असे धरू नका. पण तिकडे मोहरी दिसली तर इथल्या पाकिटाला हात लावायचा नाही, एवढा एकतर्फी उपयोग पक्का. मीही लेबल तपासताना हेच करते.

यादीत नाव आले की सगळे सुटते असेही नाही. अमेरिकेत तीळ सक्तीचा झाल्यावर काही बेकऱ्यांनी स्वच्छतेचा खर्च टाळायला पावाच्या पिठात मुद्दाम थोडे तीळ घातले आणि लेबलावर ‘सेसमी’ लिहून मोकळे झाले. जी माणसे तोवर तो पाव खात होती त्यांचा पाव गेला.

बाहेरच्या खाण्याबद्दल कायद्याची पोच आणखी आखूड आहे. मेन्यूवर ॲलर्जीची माहिती देण्याची सक्ती केंद्रीय परवाना असलेल्यांना किंवा दहा व त्याहून जास्त शाखा असलेल्या खाद्यगृहांना आहे, तीही त्याच आठ गटांपुरती. इंदूरच्या छप्पन दुकान आणि सराफा या खाऊगल्ल्यांना स्वच्छतेबद्दल अन्न प्राधिकरणाची शाबासकी मिळाली आहे आणि ती योग्यच आहे. पण स्वच्छता आणि ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी. लखलखीत कढईतही मागच्या घाण्याचे तेल तेच असते. सुट्या मिठाईवर १ ऑक्टोबर २०२० पासून ‘बेस्ट बिफोर’ची तारीख लावावी लागते, घटकयादी मात्र लागत नाही. ब्रिटनमधली नताशा एडनन-लापरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी २०१६ मध्ये पावातल्या न लिहिलेल्या तिळामुळे गेली, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे दुकानातच करून बांधून ठेवलेल्या पदार्थांवरही पूर्ण घटकयादी आली. आपल्याकडे तसे काही नाही.

इंदुरी पोह्यात राई असतेच, तिथे विचारायचीही गरज नाही. बाकी ठिकाणी ‘भिया, इसमें राई तो नहीं?’ असे विचारले की ‘नहीं दीदी’ हेच येते, कारण त्याच्या डोळ्यांपुढे फोडणीतली अख्खी राई असते. जीरावन कुठून आणता, पुडीवर काय लिहिले आहे, तेल कोणते, याच कढईत अजून काय तळता, असे विचारा. पुडी दाखवायला सांगा, गर्दी नसेल तर दाखवतात. थंडीत सराफ्यात गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) शेजारी गजक आणि तीळपापडी असते आणि चिमटा, हात, ताट सगळे सामाईक असते. डिसेंबर ते संक्रांत या दिवसांत मी तरी तिला सराफ्यात काही खाऊ घालणार नाही. लिफाफ्यातून घरी येणाऱ्या तिळगुळाबद्दल आप्तांना आधीच सांगून ठेवा. काकू-मावशा ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणतील, त्यावर वाद न घालता डॉक्टरांचा कागद दाखवा.

चक्कीवर गहू दळायला देत असाल तर तेही तपासा. उत्तरेत गव्हाच्या शेतात मोहरीच्या ओळी घालायची जुनी रीत आहे, आणि मुरैना-भिंड हा आपल्याच राज्यातला मोहरीचा पट्टा. गव्हात मोहरीचे दाणे दिसत असतील तर घरी निवडूनच द्या. उपवासाच्या तयार पिठांत कुट्टू, राजगिरा, शिंगाडा यांची सरमिसळ असते. तुमच्या मुलीला त्यांचा त्रास नसेल, पण हे वाचणाऱ्या कोणाला कुट्टूची ॲलर्जी असेल तर नवरात्रात चक्कीचे पीठ बंद.

ऑनलाइन मागवताना एक सोय आहे. बॅच आणि तारीख सोडून लेबलावरची सक्तीची माहिती खरेदीआधी ग्राहकाला दिसली पाहिजे असा नियम आहे. फोटोत मागची बाजू नसेल तर तक्रार करा आणि ती वस्तू घेऊ नका. पाकीट हातात आल्यावर मात्र पुन्हा वाचा. कृती बदलते आणि फोटो जुना राहतो, हे मी बरेचदा पाहिले आहे.

काही घडलेच तर पाकीट फेकू नका. उरलेला माल हवाबंद डब्यात, पाकीट, बिल, बॅच क्रमांकाचा फोटो आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा. कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. मोहरी आणि तिळासाठी एलायझा (पदार्थातले त्यांचे प्रथिन शोधणाऱ्या) चाचण्या आहेत, पण कोणती प्रयोगशाळा त्या करते ते आधी विचारा. मोहरी ‘कंटेन्स’मध्ये नसणे हा गुन्हा नाही. पण जी मोहरी वर्गनावात किंवा ५ टक्क्यांच्या सुटीत बसत नाही, ती घटकयादीतून गाळली असेल, तर माल मिथ्याछाप (चुकीच्या लेबलाचा, ‘मिसब्रँडेड’) ठरतो आणि कलम ५२ खाली ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अन्नामुळे इजा झाली असेल तर कलम ६५ खाली भरपाई आहे: गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत, इतर इजेला १ लाखापर्यंत. तक्रार अन्न प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर किंवा १८००११२१०० वर, ग्राहक म्हणून १९१५ वर. कंपनीने तुमच्या पत्राला ‘मोहरी नाही’ असे लेखी उत्तर दिले असेल आणि चाचणीत मोहरी निघाली, तर ग्राहक आयोगापुढे ते पत्र तुमचा सर्वांत भक्कम कागद असेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाची जबाबदारी उत्पादकावर टाकता येते. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही आणि वकील घ्यावाच असेही नाही.